‘सुट्टीवर आलात का?’ मंडळ्यांना भेटी देण्याच्या आमच्या दौऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात ओळख. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं). मी, आमचे हे आणि दोन मुलं. गेली १२ वर्षं झारखंडमध्ये दुमक्याच्या बाजूला संताळ आदिवासी लोकांमध्ये मिशनरी म्हणून राहतोय. हे प्रौढांचे वाचन-लेखनाचे वर्ग बघतात, मी मुलींच्या होस्टेलवर असते. दर तीन वर्षांनी चार महिने इकडे येतो आणि ज्या मंडळ्या (म्हणजे गावोगावच्या चर्चमधली माणसं) आमच्यासाठी प्रार्थना करतात, पैसे पाठवतात त्यांना भेटत फिरतो. या खेपेला २७ मंडळ्या झाल्या आणि जिथे जावं तिथे तेच ते प्रश्न, मग यांनीच सुचवलं की एकदाचं लिहून टाक ना सगळं, म्हणून हे. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

सुट्टीवर आलात का?

नाही हो. हा प्रश्न पहिल्या नंबरवर ठेवलाय कारण नगर स्टेशनवर आझाद हिंद एक्सप्रेसमधून सामान खाली काढत होतो तेव्हाच घ्यायला आलेल्या दिरांनी तो विचारला. दीड दिवसाचा प्रवास, अंगावर हावड्यापासूनची धूळ, आणि "काय वहिनी, मजा आहे बुवा, चार महिने सुट्टी!"

सुट्टी होती, दोन आठवडे. ती सासरी राहुरीला काढली आणि त्यातले पाच दिवस मी तापाने अंथरुणात होते. बाकीचे साडेतीन महिने म्हणजे शनिवारी एसटी पकडायची, रविवारी सकाळी उपासना, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी तरुण संघ, सोमवारी कोणाच्या तरी आजारी आईला भेट, मंगळवारी पुढचं गाव. मागच्या दौऱ्यात मी मोजलं होतं, ३१ वेगवेगळ्या घरांत झोपलो. तक्रार नाही करत, पण सुट्टी म्हणू नका.

मग याला म्हणतात काय? फर्लो? डेप्युटेशन? होम असाइनमेंट?

तिन्ही शब्द चालतात आणि तिन्हींचा थोडा थोडा घोळ आहे. जुनी माणसं फर्लो म्हणतात, तो मिशनरी साहेबांच्या काळातला शब्द, लांबची रजा. पण आपल्याकडे फर्लो म्हटलं की लोकांना येरवडा जेल आठवतं. आमच्या मुलाने शाळेत "पप्पा फर्लोवर आहेत" असं सांगितलं आणि बाईंनी त्याला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला होता. (गंमत म्हणजे आमच्याच भागात १८६७ साली काम सुरू करणारे नॉर्वेचे स्क्रेफस्रुड, ते तरुणपणी चोरीसाठी खरोखर तुरुंगात राहून आलेले. पुढे तेच संताळी भाषेचे मोठे जाणकार झाले.)

डेप्युटेशन म्हणजे सेवाक्षेत्रावर जाण्याआधी किंवा पैसा कमी पडला की मंडळ्यांमध्ये फिरून सपोर्ट उभा करणं. होम असाइनमेंट हा आताचा शब्द, आमच्या संस्थेच्या फॉर्मवर हाच असतो, म्हणजे घरी आलात तरी ड्युटीवर आहात एवढा त्याचा अर्थ. मी साधं "मंडळीभेट" म्हणते.

आणि हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १८१२ साली अमेरिकेतून जे पहिले मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले त्यातल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबई गाठली, तिथून मराठी मिशनची सुरुवात. हॉल परत गेलेच नाहीत, १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. त्यांच्याच जहाजातून आलेला आणखी एक माणूस ल्यूथर राइस. तो १८१३ मध्येच अमेरिकेला परत गेला, ब्रह्मदेशात गेलेल्या जडसन नवरा-बायकोसाठी मंडळ्यांचा पाठिंबा उभा करायला. काम झालं की यायचं असं ठरलेलं. पुढची वीस-बावीस वर्षं घोडागाडीतून मंडळ्या फिरत राहिला आणि १८३६ मध्ये तिकडेच वारला, सेवाक्षेत्रावर परत आलाच नाही. आमच्या ह्यांना दौऱ्याच्या तिसऱ्या महिन्यात हमखास ल्यूथर राइस आठवतो.

बायबलमध्ये याला आधार आहे का?

प्रेषितांची कृत्ये १४ वा अध्याय, शेवट वाचा. पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परत येतात, ज्या मंडळीने पाठवलं तिला एकत्र जमवतात आणि काय काय झालं ते सांगतात. आणि मग पुढचं वाक्य आहे की ते तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. हे "बरेच दिवस राहिले" लोक विसरतात. आमचा कार्यक्रम १० ते १२ असतो आणि साडेबाराची गाडी.

पैशांचं म्हणाल तर फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. ते एका अर्थी मिशनरीचं आभाराचं पत्रच आहे आणि पौलालाही पैशांबद्दल लिहिताना किती अवघडल्यासारखं होतंय ते वाचताना कळतं, मला दरवेळी बरं वाटतं.

दौऱ्याचं ठरवता कसं? आमच्याकडे यायचं असेल तर?

तुमच्या पाळकसाहेबांमार्फत (पास्टर) संस्थेच्या ऑफिसला कळवा, निदान तीन महिने आधी. आम्ही डायरेक्ट तारखा देणं बंद केलंय, त्याचं कारण खाली येईल.

ठरवताना कॅलेंडर समोर घेऊन बसावं लागतं. मुलांची शाळा, आमच्याकडचं भाताचं काम, इकडचा नाताळ, मग हंगामाचे सण, मग लग्नं. लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) सुरू व्हायच्या आधीचे आठवडे लग्नांनी फुल्ल असतात, त्या काळात रविवार दिला तर अर्धी मंडळी हळदीला गेलेली असते. लेंटमध्ये उलट, रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सभा असते, लोक स्वतःहून बोलावतात. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि ईस्टर कोणीही मिशनरीला देत नाही, बरोबरच आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं असतील त्या गावात मार्चनंतर जावं, आधी गेलात तर रिकाम्या चटया.

रूट म्हणाल तर नगर-श्रीरामपूर-संगमनेर एक पट्टा, मग नाशिक, मग जालना, मग सोलापूर, मग सांगली-मिरज, शेवटी पुणे-मुंबई. शहरं शेवटी कारण तिथे लोक ऐनवेळी सुद्धा जमतात, किंवा जमत नाहीत, दोन्हीकडे आपल्या हातात काही नसतं.

किती वेळ बोलता?

जेवढा द्याल. पत्रिकेत ४० मिनिटं लिहिलेली असतात. मग संडेस्कूलचं गीत, वाढदिवसाच्या प्रार्थना, छताच्या कामाची घोषणा, दोन कोरस, आणि पावणेबारा वाजता पाळकसाहेब वाकून कानात म्हणतात, "ताई, पाच मिनिटांत आटपता येईल का?" येतं. बारा वर्षांनी सगळं येतं.

आमच्याकडे आता तीन भाषणं तयार असतात, पाच मिनिटांचं, वीस मिनिटांचं आणि पाऊण तासाचं. फोटो पेनड्राइव्हवर आणि छापील अल्बममध्ये, दोन्ही, कारण प्रोजेक्टर चालला तर केबल नसते आणि केबल असली की लाइट जाते. खरं सांगू का, अल्बमच जास्त चालतो. बायका मागच्या बाकापर्यंत तो फिरवतात आणि मग खरे प्रश्न येतात.

आवाजाचं टेन्शन असलेल्या नव्या मिशनऱ्यांसाठी एक गोष्ट. जडसन ३३ वर्षांनी, १८४५ मध्ये, पहिल्यांदा अमेरिकेला परत गेले. वाटेत सेंट हेलेना बेटापाशी त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. स्वतःचा घसा आणि छाती इतकी खराब की ते हळू बोलायचे आणि शेजारी उभा असलेला माणूस ते वाक्य मोठ्याने लोकांना सांगायचा. एवढं करून एका ठिकाणी लोक नाराज झाले म्हणे, कारण त्यांना ब्रह्मदेशातल्या थरारक गोष्टी ऐकायच्या होत्या आणि म्हाताऱ्याने साधं ख्रिस्ताबद्दल सांगितलं. तेव्हा आपल्या भाषणावर "वाघ नाही का हो तुमच्याकडे?" असा प्रश्न आला तर वाईट वाटून घेऊ नका. (नाही, वाघ नाही. हत्ती कधीमधी येतात.)

किती बाप्तिस्मे झाले?

हा प्रश्न मंडळीच्या पंचांपैकी कोणीतरी विचारतोच, बहुतेक चहाच्या वेळी, बशी हातात धरून. राग येत नाही, विचारणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण आम्ही आकडा सांगत नाही आणि सांगणारही नाही.

एक तर कायदा. झारखंडमध्ये २०१७ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, बळजबरी किंवा आमिष दाखवून धर्म बदलायला लावणं गुन्हा आहे. ते नुसतं कायद्यात आहे म्हणून नाही, आमच्या मते ते पापच आहे. शाळा, औषध, तांदूळ याच्या बदल्यात विश्वास मागायचा नसतो. आमच्या होस्टेलवर निम्म्याहून जास्त मुली सरना (आदिवासींचा स्वतःचा धर्म) घरांतल्या आहेत, त्या तशाच राहून शिकतात आणि सोहराय सणाला घरी जातात, परत येताना आम्हाला पिठा (तांदळाच्या पिठाचा पदार्थ) घेऊन येतात. ज्याला ख्रिस्ताकडे यायचं तो स्वतःच्या मनाने येतो आणि ती त्याची गोष्ट आहे, माझ्या स्लाइडवरचा आकडा नाही.

दुसरं, आकडा एकदा सांगितला की पुढच्या वेळी मोठा सांगावा लागतो. एका ठिकाणी आमची ओळख करून देताना "यांनी शेकडो लोकांना" वगैरे सुरू झालं, आणि ह्यांना उठून माइकवरून म्हणावं लागलं की नाही हो, शेकडो वगैरे काही नाही. एकदम शांतता. त्या दिवशी दान कमी आलं, ते खरंय.

पण हिशेब मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, म्हणून जो देता येतो तो देते. मागच्या वर्षी ह्यांच्या एका वर्गात १४ बायका बसल्या, ९ शेवटपर्यंत टिकल्या. पाच जणी का सुटल्या तेही सांगते, दोघी बाळंतपणाला, दोघी बंगालमध्ये भातलावणीच्या मजुरीला, एकीला नवऱ्याने बसू दिलं नाही. टिकलेल्यांपैकी एकीकडे अंत्योदयचं पिवळं कार्ड होतं. त्या कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य असतं. ती कधीपासून ३१-३२ आणत होती, गोणी उचलून बरोबर वाटायची. आकडे वाचायला लागल्यावर तिने दुकानात वजनकाट्यापुढे उभं राहून पावतीवरच्या ३५ वर बोट ठेवलं आणि बोट उचललंच नाही. मागे रांग. काही बोलली नाही, नुसतं बोट. त्या महिन्यापासून ३५.

मी ही गोष्ट १९ मंडळ्यांमध्ये सांगितली. दोन ठिकाणी टाळ्या वाजल्या. एका ठिकाणी "हे ठीक आहे, पण आत्मिक काम?" असं विचारलं गेलं. मला त्याचं उत्तर अजून नीट देता येत नाही, मला ते आत्मिकच वाटतं.

मंडळीत काय बोलायचं यावर बंधन असतं का?

लेखी नाही, पण जपून बोलावं लागतं. नगरच्या ह्यूमसाहेबांचं उदाहरण घ्या. रॉबर्ट ह्यूम, मुंबईत जन्मलेले, पन्नासेक वर्षं नगरला काम केलं. १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरला एका भाषणात त्यांनी असं काहीसं मांडलं की ज्यांना जिवंतपणी ख्रिस्ताबद्दल ऐकायलाच मिळालं नाही त्यांना देव मेल्यानंतर संधी देत असेल, ही आशा आपण ठेवू शकतो. झालं. त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डात गदारोळ, यांना परत पाठवायचं की नाही यावर वाद, परतणं अडकलं. शेवटी पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. म्हणजे बघा, नगरमध्ये इतकी वर्षं उन्हातान्हात काढली त्यात काही अडलं नाही, अडलं ते घरी जाऊन केलेल्या भाषणात.

तुमचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकले तर चालतील का?

आमचे टाका. गावातल्या लोकांचे, मुलींचे नको. आम्ही अल्बममध्ये दाखवतो, मोबाईलने त्याचा फोटो काढून फॉरवर्ड करू नका प्लीज. "बिचारी आदिवासी मुलं" अशा कॅप्शनने तर अजिबात नको, त्यातली एक मुलगी आता नर्सिंगला आहे, तिच्या हातातही मोबाईल आहे, तिने बघितलं तर काय वाटेल.

पैसे मागायला लाज नाही वाटत?

वाटायची. पहिल्या दौऱ्यात मी पैशाचा विषय निघाला की बाहेर जाऊन मुलीला पाणी पाजायचे, तहान लागलेली नसायची तिला. माझे वडील शिक्षक, उधारसुद्धा न मागणारा माणूस.

मला मोकळं केलं ते पंडिता रमाबाईंनी. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग दोनेक वर्षं अमेरिकेत ठिकठिकाणी बोलत फिरल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, दहा वर्षं मदत देऊ असं तिने कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. हे सगळ्यांना माहीत असतं. मला आवडतो तो पुढचा भाग. दहा वर्षं भरली तेव्हा, १८९८ मध्ये, बाई परत बोटीत बसून अमेरिकेला गेल्या, ज्यांनी दिलं त्यांच्यासमोर उभं राहायला. दुष्काळ, प्लेग, केडगावला मुलींचा एवढा पसारा, तो सगळा मागे ठेवून. मनीऑर्डरची पावती पाठवून भागवता आलं नसतं का? नाही भागत.

पैसे नेमके जातात कुठे?

आम्हाला पगार नाही. संस्था प्रत्येक कुटुंबाची महिन्याची रक्कम ठरवते आणि ती सपोर्टर मंडळी आणि व्यक्तींकडून जमते. कमी जमली तर कमी मिळते, जास्त आली तर ज्या कुटुंबाला कमी पडली त्यांच्याकडे वळते. वर्गांची पुस्तकं, होस्टेलचं रेशन हे वेगळ्या खात्यातून.

दौऱ्यात जे पाकीट हातात देता त्यावर लिहा की ते कशासाठी आहे. "कुटुंबासाठी" लिहिलंत तर आमचं, काहीच लिहिलं नसेल तर ते जसंच्या तसं ऑफिसला जातं. आमच्या मोबाईल नंबरवर जीपे करू नका, मनात कितीही प्रेम असलं तरी, मार्चमध्ये हिशेब लावताना रडू येतं.

पावती मागा, मागायला लाजू नका. आयकराच्या ८०जी सवलतीचं विचारतात बरेच जण, तर निव्वळ धार्मिक कामाच्या दानाला ती सहसा नसते आणि जिथे असते तिथेही रोख २००० रुपयांच्या वर दिलं तर मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या.

परदेशातल्या भावाबहिणींना खास: तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असाल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर ती परदेशी देणगी. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच. "पाचशे डॉलर तर आहेत, काय होतंय" असं म्हणू नका, व्हायचं ते संस्थेला होतं.

जुने कपडे देऊ का?

नको. मनापासून धन्यवाद पण नको. मागच्या दौऱ्यात अकरा गोण्या जमल्या होत्या, त्यात एक शेरवानी, तीन स्विमिंग कॉस्च्युम आणि एक डॉक्टरांचा फाटका कोट. रेल्वे पार्सलचा खर्च कपड्यांपेक्षा जास्त. दुमक्याच्या बाजारात चांगले कपडे मिळतात.

राहायला हॉटेल बघू की कोणाच्या घरी? जेवणाचं काही पथ्य?

घरी. आम्हाला वेगळी खोली नसली तरी चालतं, फक्त रात्री अकरानंतर मुलांना झोपू द्या.

जेवणाबद्दल हळूच सांगते. प्रत्येक घरी आम्ही पाहुणे असतो आणि प्रत्येक घर आपलं सगळ्यात चांगलं करतं, म्हणजे चिकन किंवा मटण. तुमच्यासाठी तो वर्षातला एक दिवस, आमचा तो सलग चोविसावा. मिरजेला एका मावशींनी विचारलं, "खरं सांग, काय खावंसं वाटतंय?" मी म्हटलं, पिठलं, भाकरी आणि कच्चा कांदा. त्यांनी नवऱ्याला चिकन आणायला निघालेलं जिन्यातून परत बोलावलं. तो दौऱ्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. मोठी मुलगी तीन भाकऱ्या जेवली.

मुलांचं कसं होतं?

यावर मला जास्त लिहायचंय कारण हे कोणी व्यासपीठावरून विचारत नाही, मोरीपाशी हात धुताना विचारतात.

मुलगी १३ ची, मुलगा ९ चा. घरात मराठी, शाळेत हिंदी, अंगणात संताळी. मुलगा भाताला दाका म्हणतो, भूक लागली की पहिली हाक संताळीत येते. महाराष्ट्रात आला की त्याच्या मराठीला सगळे हसतात, प्रेमानेच, पण हसतात. तो "मी भात खाल्ली" म्हणतो, मग सगळी काकामंडळी "परत म्हण, परत म्हण". तिसऱ्या आठवड्यात त्याने लोकांसमोर बोलणंच बंद केलं. मंडळीत "संताळीत एखादं गाणं म्हण ना बेटा" असं सांगितलं की तो माझ्या पदरामागे. एका पाळकसाहेबांनी चॉकलेट देऊ केलं, त्याने चॉकलेट घेतलं आणि गाणं नाही म्हटलं. मला आतून बरं वाटलं.

मुलीचं वेगळं. तिला चार महिन्यांची शाळा बुडते, संस्थेने ऑनलाइनची सोय केलीय पण एसटीत कसली ऑनलाइन. तिने यावेळी जालन्याला मला विचारलं, "आई, आपण लोकांना दाखवायला फिरतोय का?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं की मुलांना स्टेजवर न्यायचं नाही, त्यांनी स्वतः म्हटलं तरच. तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसते आणि तिथल्या मुलींशी गप्पा मारते. दोघीतिघींशी तिची चांगली मैत्री झालीय, रोज मेसेज चालू असतात.

तेव्हा मंडळ्यांना विनंती, मुलांना पुढे बोलावू नका. त्यांना क्रिकेटला बोलवा.

घरी आल्यावर परकं वाटतं का?

वाटतं थोडं. भाव माहीत नसतात, कोण वारलं माहीत नसतं. नगरच्या मंडळीत मी एका काकांची चौकशी केली, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि काकू शेजारीच उभ्या होत्या. आणि तिकडेही आम्ही "महाराष्ट्रवाले"च. पण "उपासना संगीता"तलं एखादं जुनं गीत पेटीवर सुरू झालं आणि मागच्या बाकांवरून म्हाताऱ्यांनी आपल्या चालीत ओढून धरलं की सगळं जागच्या जागी येतं.

कधी फजिती झालीय का?

कधी नाही ते विचारा. एकदा आम्हीच एका रविवारी दोन गावांना होकार देऊन बसलो, तारखा ऑफिसमार्फत द्यायला लागलो त्या तेव्हापासून. आणि एकदा एका मंडळीत सकाळी नऊला पोहोचलो तर गेटला कुलूप. त्या दिवशी सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना दुसऱ्या गावाला होती आणि आम्हाला कळवायचं राहिलं होतं. वॉचमनने चहा दिला. सव्वानऊला संडेस्कूलची तीन पोरं आली, त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. मग पायरीवर बसून त्या तिघांना आणि वॉचमनला अल्बम दाखवला, तासभर. वॉचमन बिहारचा निघाला, भागलपूरचा, म्हणजे दुमक्याचा शेजारीच. तो दर महिन्याला ५० रुपये पाठवतो, अजूनही.

झूमवर करता येत नाही का हे सगळं? खर्च वाचेल.

करतो ना, कोविडमध्ये तेच केलं. पण झूमवर कोणी मोरीपाशी हात धुताना प्रश्न विचारत नाही.

आमची मंडळी लहान आहे, देण्यासारखं काही नाही. तरी याल?

येऊ. राहुरीकडच्या एका वस्तीवरच्या मंडळीत आम्ही हंगामाच्या सणाला गेलो, वीस-बावीस घरं. वेदीपुढे कणसं, ऊस, कांदे, अंडी, दोन कोंबड्या आणि एक लाल भोपळा. उपासनेनंतर लिलाव. भोपळा एका भाऊंनी १२० ला घेतला आणि "परत लावा" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याने २०० ला घेतला, परत ठेवला. असा तो चार वेळा विकला गेला, शेवटी ३५० ला पाळकीणबाईंनी घेतला आणि आमच्या पिशवीत घातला. एका कोंबडीने मधेच पाय सोडवून घेतला आणि अर्धी मंडळी तिच्यामागे उसात, लिलाव दहा मिनिटं बंद. तो भोपळा आम्ही नाशिकपर्यंत नेला, मग ज्यांच्याकडे उतरलो त्यांना दिला, त्यांनी घारगे केले.

मग आम्ही तुम्हाला विचारावं तरी काय?

काहीही, पण आम्ही पत्रात लिहिलेलं वाचून विचारा. श्रीरामपूरकडच्या एका आजींकडे दूध संघाचं भिंतीवरचं कॅलेंडर आहे, त्यात प्रत्येक महिन्याच्या १४ तारखेला आमचं नाव पेनाने लिहिलेलं, त्या दिवशी त्या आमच्यासाठी प्रार्थना करतात. आम्ही बसलो, पाणी झालं, आणि त्यांनी विचारलं, "त्या शेळीचं काय झालं?"

मला काही आठवेना. कोणती शेळी? त्यांनी ट्रंकेतून आमचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र काढलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नातवाकडून प्रिंट करून घेतलेलं. त्यात मी एक ओळ लिहिली होती की होस्टेलवरच्या एका मुलीच्या आईने फीसाठी शेळी विकली, त्या घरासाठी प्रार्थना करा. लिहिलं आणि विसरले. आजी २४ महिने त्या शेळीसाठी प्रार्थना करत होत्या.

तिथूनच होस्टेलला फोन लावला. ती मुलगी लाइनवर आली. विकलेली शेळी गेली ती गेलीच, पण आईने बचत गटातून दुसरी घेतली, तिला दोन करडं झाली, त्यातलं एक कोल्ह्याने नेलं. मी हे आजींना सांगितलं. "म्हणजे एक आहे," आजी म्हणाल्या आणि जरा थांबून, "रंग कोणता?" मी विचारलं नव्हतं. त्यांनी परत फोन लावायला लावला.

काळं आहे, कपाळावर पांढरा ठिपका.